कर्ण्यातून आलेली हाळी

प्रिय बिरू,

लोक मला अजून विचारतात, "बाळूशेट, टीव्हीला काय पडलं?" मी आकडा सांगतो, त्यांचा जबडा पडतो आणि मला बरं वाटतं. तुला मात्र खरा हिशेब सांगतो. ॲन्टेना उंच चढवायला विहिरीवरच्या पंपाचे पाईप उपसले, म्हणून त्या साली परड्यातली वांगी वाळून गेली. बायकोच्या पाटल्या मोडल्या. "पाणी तोडून चित्रं बघतोस व्हय रं?" असं म्हणून वडील जे बोलायचे थांबले, ते थेट दिवाळीला बोलले. आणि तू. पहिल्या तिन्ही गोष्टी पुढं परत आल्या.

तू जाऊन वर्ष होत आलं. आजवर लिहिलं नाही, मग आत्ताच का? परवा संध्याकाळी दुकानात टीव्ही चालू होता. मुंबईची कसलीशी विनोदी नाटिका लागली होती. साहेबलोकांचं जहाज फुटतं, ते एका बेटावर येऊन पडतात, आणि झाडामागून हबशी निघतो. अंगाला काजळी, कमरेला गवत, नाकात हाड. पुन्हा तेच रे! दुकानातलं गिऱ्हाईक हसता हसता स्टुलावरून पडायला आलं. माझ्या शशीनं विचारलं, "आप्पा, ही माणसं खरंच अशीच ओरडत्यात?"

मी "अभ्यासाला बस" म्हणालो. जे तिला सांगता आलं नाही ते तुला लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे मला. रेडिओवरच्या बातम्या डोळे मिटून ऐकायचास, तसं ऐक.

आपली ओळख बापजाद्यांची. दिवाळी झाली की माणदेशातून तुमचा कळप कोरेगावला उतरायचा आणि आमच्या शेतात मेंढरं बसायची. आम्हाला खत, तुम्हाला दाणे. तुझे आबा आणि माझे वडील बांधावर बसून तंबाखू मळायचे, आणि आपण दोघं कळपाभोवती बांधलेल्या वाघरीच्या जाळ्यातून आत-बाहेर करत कोकरं पकडायचो. तू मला लिहायला शिकवू दिलं नाहीस, आणि मी तुझ्याकडून हाळी घालायला शिकलो नाही. शिकायचा प्रयत्न केला होता, आठवतं? मी ओरडलो आणि एक मेंढरू वळून बघेल तर शपथ! तू पोट धरून हसलास. "आरं बाळ्या, ती तुला चुलता बी म्हणायची न्हाईत!"

ती हाळी! दिवस मावळला की आधी जिभेचा तो "त्रर्रर्र", मग लांबवलेला "आऽऽये यूऽऽ", आणि शेवटी घशातून गिळल्यासारखा एक "हुक्". पांगलेली मेंढरं माना वर करायची आणि ओढ्यापलीकडून तुझ्याकडं धावत सुटायची. शेजारी दुसऱ्याचा कळप असला तरी त्यातलं एक हलायचं नाही. आबा म्हणायचे, "ही माझ्या बापाची हाळी. त्याला त्याच्या बापाकडनं आली. मेंढरांच्या प्रत्येक वाड्याची निराळी असती."

माझं पोट कानांवर चाललं, हे तुला वेगळं सांगायला नको. चौथीत शाळा सोडली, लग्नात कर्णे लावणाऱ्याच्या हाताखाली तारा ओढल्या, आणि तिथून स्वतःचं दुकान उभं केलं ते याच दोन कानांवर. रस्त्यावरून जाताना कुणाच्या रेडिओत काय बिघडलंय ते मी घरात न शिरता सांगतो. खोकल्यावरून माणूस ओळखतो, चपलेवरून बाई. अख्ख्या तालुक्यात मी सांगत असे, "एकदा ऐकलेला आवाज बाळू कर्णेवाला विसरत नाही." तूही इतरांना सांगायचास, "आमच्या बाळूचं कान म्हंजी कुत्र्याचं!" कौतुकानंच म्हणायचास ना रे?

आणि तुझं तोंड! एसटीचा कंडक्टर, कचेरीतला कारकून, माझे वडील, तुझे आबा, सगळे तुझ्या एका तोंडात राहायचे. दुकानासमोर तू उभा राहिलास की बाजाराला आलेली माणसं बाजार विसरायची. एकदा तू माझ्या वडिलांच्या आवाजात आतून ओरडलास, "बाळ्या, कर्णं इकून म्हस घे!" आणि मी खरंच "व्हय, आण्णा" म्हणून उठलो. त्या दिवशी माझ्या कानांची जी काय अब्रू गेली!

आपण रेडिओवरच्या श्रुतिका ऐकायचो. पुढं टीव्ही आल्यावर नाटिकाही बघायला लागलो. एक गोष्ट माझ्या कानाला सारखी टोचायची, तुला बोललोही होतो. साहेब बोलणार पुस्तकातलं. बाईसाहेब बोलणार पुस्तकातलं. आणि आपल्यासारखं "हाय, न्हाई, व्हय जी" बोलणार तो फक्त घरगडी. तो ट्रे पाडणार, फोन उलटा धरणार, आणि लोक हसणार. मद्राशी आला की त्यानं "ऐयो" करायचं, गुरख्यानं सलाम ठोकायचा, मारवाड्यानं पैसे मोजायचे. सगळ्यांना एकेक पाटी गळ्यात अडकवलेली.

तू काय म्हणाला होतास? "आसू दे की रं. गड्याच्या तोंडी का हुईना, आपली बोली ऐकाया तर मिळती. नायतर ती बी कुठं मिळायची?"

इतक्यावर समाधान मानणारा तू. आणि त्यांनी तुला तेवढंही दिलं नाही.

साताऱ्याला मुंबईची एक नाटकमंडळी आली होती. कर्णे माझे होते, आणि तू हौसेनं माझ्याबरोबर खांब उभे करायला आला होतास. खेळ संपल्यावर तुला कुणीतरी डिवचलं आणि तू त्यांच्याच दिग्दर्शकाची नक्कल केलीस. चष्मा कपाळावर, बोट हवेत. सगळी मंडळी लोळली. तो दिग्दर्शकही हसला. मग तुझ्याभोवती एक फेरी मारून शेजारच्याला हळूच म्हणाला, "असाच चेहरा पाहिजे होता."

ते मी ऐकलं. त्यानं आवाज म्हटलं नाही, नट म्हटलं नाही. चेहरा म्हणाला. माझ्या मनात कुठंतरी खुट् झालं. पण तू माझा दंड असा आवळला होतास की तुझी नखं रुतली. "बाळ्या, मुंबईला बोलावत्यात रं! टीव्हीत!" त्या वेळचं तुझं तोंड बघून कुणाची बोलायची छाती झाली असती?

आबांनी विरोध केला नाही. ते एवढंच म्हणाले, "जा. पन आपलं नाव नीट सांग तिथं." तुझ्या लक्ष्मीनं नवं धोतर धुऊन दिलं, मी एसटीत बसवलं, आणि कळप मारुतीच्या, तुझ्या धाकट्या भावाच्या, ताब्यात दिलास.

परत आलास तेव्हा मी विचारून विचारून दमलो. काम कसलं? "हाय एक." बोलायचं किती? "लय न्हाई." हसले का लोक? "हसलं." एवढंच! दहा माणसांचे आवाज काढणारा माणूस, आणि तुझा स्वतःचा आवाज असा आटलेला. मला वाटलं, मुंबईचं पाणी लागलं असेल. मी माझ्याच नादात होतो. आपला माणूस टीव्हीत येणार, आणि अख्ख्या भागात चित्र धरणारा ॲन्टेना फक्त माझ्याकडे!

नाटिका लागायच्या दिवशी मी सेट घराच्या ओट्यावर आणला. पुढं शेत, शेतात तुमची मेंढरं वाघरीत बसलेली. अंगणात माणूस मावत नव्हता. कोरेगावची निम्मी पेठ, आजूबाजूच्या वाड्यावस्त्या, झाडावर पोरं. मागच्यांना ऐकू येणार नाही म्हणून मी लग्नातला मोठा कर्णा आणून सेटला जोडला. तू तेवढ्यात जवळ आलास आणि म्हणालास, "बाळ्या, कर्णा कशाला? नुसतं बघू द्या की."

"येडा का काय तू? तुझा आवाज साताऱ्यापातूर गेला पायजे!"

तू वळून निघालास. आबांच्या शेजारी जाऊन खाली बसलास. मी तार पिळत होतो, म्हणून तुझ्या तोंडाकडं बघितलं नाही.

चित्रात मुंग्या होत्या, पण माणसं कळत होती. गोष्ट अशी होती, की मुंबईच्या एका साहेबाचा काका आफ्रिकेतून परत येणार असतो. पहिल्यांदा घरगडी आला. मुंडासं, धोतर, गुडघ्यापर्यंत उचललेलं. अंगणातून एकच ओरडा, "बिरू आला! बिरू आला!" पण तो तू नव्हतास. तो गोरागोमटा शहरी नट होता आणि आपली बोली बोलत होता, म्हणजे जिथं नको तिथं "हाय" आणि जिथं हवं तिथं "आहे". तरी माणसं हसली. आपल्याच बोलीचं असलं वेडंवाकडं ऐकून आपलीच माणसं हसली!

मग काका आला. त्याच्यामागं दोरी बांधून आणलेला हबशी आला.

तू काळाच होतास, बिरू. उन्हानं रापलेला, माणदेशातल्या खडकासारखा. पण तेवढा काळा त्यांना पुरला नाही. तुझ्या अंगावर आणखी काळं थापलं होतं, ओठांभोवती पांढरं ओढलं होतं, डोक्यावर लोकरीचा टोप. माझा सेट साधा, बिनरंगी. त्यात साहेबसुद्धा राखेच्या रंगाचा दिसत होता. असल्या डब्यात दिसायला माणसाला इतका काळा करायचा? कशासाठी?

कुणीही तुला ओळखलं नाही. तुझ्या लक्ष्मीनं ओळखलं नाही. ती शेजारणीला विचारत होती, "आवं, आमचं कवा येनार?" पडद्यावर काका म्हणाला, "बोल रे, तुझ्या भाषेत बोल!" आणि हबशानं तोंड उघडलं.

कर्ण्यातून आलं, "त्रर्रर्र... आऽऽये यूऽऽ... हुक्!"

अंगण फुटलं हसून. पडद्यावरचा गडी घाबरून टेबलाखाली गेला. हबशी पुन्हा ओरडला. आणि मागं शेतात मेंढरं उठली.

आधी एक. मग दहा. मग सगळा कळप. वाघरीचं जाळं खुंट्यांसकट उपटून, बसलेल्या माणसांच्या अंगावरून, बायकांच्या पदरावरून मेंढरं ओट्याकडं आली. म्होरकी मेंढी पायऱ्या चढून सेटपुढं उभी राहिली आणि तोंड वर करून कर्ण्याकडं बघायला लागली. दुसरी सेटच्या मागं जाऊन हुंगून आली. कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो हबशी तर आपला बिरू!"

त्यानंतर जे हसू उठलं, ते मी कितीही कर्णे लावले तरी माझ्या हातून उठणार नाही.

आबा उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही. ते तुझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्या बापाची हाळी हाय ती." मग काठीनं मेंढरं वळवत अंधारात निघून गेले. तू त्यांच्यामागं गेलास. लक्ष्मी तशीच बसून राहिली. पडद्यावर तू अजून नाचत होतास.

त्या गर्दीत एकच माणूस वेगळं बोलला. आपले सुभेदार तात्या. महायुद्धात आफ्रिकेत, ॲबिसिनियाच्या डोंगरात लढून आलेले. म्हणाले, "म्या ही माणसं बघितल्यात. खरी. आशी न्हाईत रं ती. आमाला पानी पाजलं त्यांनी. त्यांची बी मेंढरं हायत. एक म्हातारा रोज सांजच्याला डोंगरावरनं हाळी घालायचा, आन आमी खंदकात ऐकायचो. निम्मी पलटण रडायची. घर आठवायचं."

कुणी ऐकलं? पुढचा कार्यक्रम लागला होता.

त्या संध्याकाळचा विचार मी फार केला. आपलं काम, गड्याचं, शहरातल्या नटानं घेतलं. तुला त्यांनी हबशाचं दिलं. आणि ज्याचं ते होतं त्या हबशाला तर कुणी बोलावलंच नव्हतं. तो बिचारा आपल्या डोंगरावर मेंढरं गोळा करत असेल. त्याला ठाऊकही नसेल की कोरेगावात त्याच्यावर हसतायत, आणि त्याचं तोंड म्हणून बिरूचं तोंड काळं केलंय.

दुसऱ्या दिवसापासून तू "हबशी" झालास. चहाच्या गाड्यावर हबशी, बाजारात हबशी. वाट्टेल त्यानं वाटेत "त्रर्रर्र" करायचं. माणसांचं तू सोसलंस, पण मेंढरांना थट्टा कशी कळावी? टवाळ मंडळी रस्त्याला उभी राहून तुझी हाळी घालायची, रोज ओरडून थोडीफार जमलेली, वेडीवाकडी का होईना, आणि बिचारी मेंढरं घोटाळून धावायची. एकदा सगळा कळप कुणाच्या उभ्या उसात घातला त्यांनी. मालक काठी घेऊन तुझ्यावर धावला, "हबशा, तुझी जनावरं आवर!" तू हाळी घालायला तोंड उघडलंस, आणि बांधावरची टोळकी आधीच हसायला लागली. तू तोंड मिटलंस. एकेक मेंढरू कानाला धरून बाहेर काढलंस.

"आबांना सांगून दुसरी हाळी धर की," असं मी तुला म्हणालो होतो. आबांनी ते ऐकलं आणि माझ्यावर डोळे वटारले. "आवं बाळूशेट, हाळी बदलाया ती काय टोपी हाय?"

त्या दिवसानंतर मी तुझी हाळी ऐकली नाही. मारुती शिटी वाजवायला लागला, पितळेची, पोलिसाकडं असते तसली. मेंढरं हळूहळू शिकली. आणि तू एका बाजाराच्या दिवशी सांगलीच्या एसटीत बसलास. मला न सांगता! का रे? मी हसलो असतो असं वाटलं?

सांगलीत तुला शोधायला मला फार वेळ लागला नाही. मी रेडिओच्या सामानाला गेलो होतो. हळदीच्या पेठेत पोती वाहणाऱ्या हमालांत तुझ्याएवढा उंच दुसरा कोण? नखशिखांत पिवळा झालेला. पापण्यासुद्धा पिवळ्या. मला बघून पोतं टाकलंस आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तुझ्या जुन्या आवाजात बोललास, "ये शेट! मुंबईनं काळा केला, सांगलीनं पिवळा. आता हिरवा झालो की पोपट म्हनून घेत्याल टीव्हीत!"

मी हसलो. तू हसलास. मग खोकलास, आणि तो खोकला मला आवडला नाही.

नदीवर जाऊन बसलो आपण. कृष्णेचं पाणी खाली गेलेलं. तिथं तू पहिल्यांदा सगळं सांगितलंस.

"मला वाटलं, गड्याचं काम हाय. धोतर बी तसलंच नेलं हुतं. तिथं गेल्यावर म्हनाला, धोतर काड, काळं लाव. मी म्हनलं, साहेब, मी हायच की काळा. तर सगळी हसली. म्हनाला, आसला न्हाई, खराखुरा पायजे. मग म्हनाला, आता तुझ्या रानटी भाषेत बोल. मी म्हनलं, कंची भाषा? म्हनाला, कायतर बोल, मानसाला कळनार न्हाई आसं. बाळ्या, मला मराठी येती. दुसरी कुठली येती? मानसाला कळनार न्हाई, पन मला येती, आशी एकच हुती. म्हनून मी मेंढरांशी बोललो."

पुढं म्हणालास, "त्या दिव्यांच्या उजेडात माझ्या वळकीचं कोन बी न्हवतं. हाळी घातली आन बरं वाटलं, खरं सांगतो. जनू आता येतील."

आणि मग, "मी ठरवलं हुतं. नाटक संपलं की सांगायचं, माझं काम कापलं. कुनी वळकलं नस्तं. आबांनी बी गप गिळलं आस्तं. पन मेंढरांनी घात केला. त्यांचं बी काय चुकलं? बोलावलं की येयाचं, येवढंच ठाव त्यांना."

मी म्हणालो, "कोरेगावला चल."

"तिथं माझं नाव हबशी हाय."

"मग इथं काय आहे?"

तू हळदीनं माखलेल्या हाताकडं बघत म्हणालास, "इथं बी त्येच हाय. कोरेगावचा एकजण हमालीला आला आन सांगून बसला."

दुकानात आलेल्याला दोन बोलांत खुलवणारा मी, तुझ्याशेजारी पाण्यात खडे टाकत बसलो. उठताना तुला म्हणालो, "एकदा घाल की हाळी. इथं कोण आहे ऐकायला?" तू नदीकडं बघितलंस, घसा साफ केलास, तोंड उघडलंस. आणि खोकलास. "ऱ्हाऊ दे रं," म्हणालास.

मी तुला पुन्हा भेटलो नाही. येणार होतो. लग्नसराई होती, कर्णे सगळीकडं गेलेले, आज जाऊ, उद्या जाऊ. मारुती कळप घेऊन शेतात उतरला तेव्हा त्याच्या तोंडून कळलं, तुझी माती होऊन गेली. आबा आता कळपाबरोबर येत नाहीत, त्यांचा आवाज बसलाय, बोललेलं कानाशी जाऊन ऐकावं लागतं. मारुतीला हाळी येत नाही, त्यानं शिकायचं म्हणेपर्यंत शिटी आली होती. लक्ष्मी माहेरी मोलमजुरी करते. तिला भेटायला गेलो तर तिनं एवढंच विचारलं, "त्यात ते वळकू येत न्हवतं, तवा तुमी तरी का सांगितलं न्हाई, भावजी, की त्येच हायती?" मी काय सांगणार होतो?

माझ्या दुकानात टेपरेकॉर्डर आहे, बिरू. लोकांच्या बारशाची, मंत्र्यांच्या भाषणाची टेप माझ्याकडं आहे. कुणाच्या तरी कुत्र्याचं भुंकणं आहे. तुझी हाळी नाही. तू दर वर्षी येणार होतास ना? येणाऱ्या माणसाचा आवाज कोण धरून ठेवतो? ती हाळी आता जगात एकाच ठिकाणी असली तर असेल, मुंबईत टीव्हीवाल्यांच्या कुठल्यातरी टेपच्या डब्यात. तुझ्या पणजोबाची, आबांच्या बापाची, आबांची, तुझी. डब्यावर कुणी काही लिहिलं असेल तर लिहिलं असेल, "हबशी ओरडतो". किंवा त्यावर दुसरं काहीतरी भरून ती पुसलीही असेल. यातलं काय बरं, तेही मला ठरवता येत नाही.

मला वाटायचं, आपल्या बोलीची थट्टा झाली म्हणून मी चिडलोय. तसं नाही. तात्या म्हणाले तो डोंगरावरचा म्हातारा माझ्या डोक्यातून जात नाही. त्याची हाळी, तुझी हाळी, दोन्ही एकाच नाटिकेत मेल्या, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. मुंबईच्या साहेबाला हसायला कुणीतरी जंगली लागतो. तो नसेल तर बनवतात. बनवायला पुन्हा आपलाच कुणी लागतो. आणि बघायला, हसायला, आम्ही आहोतच. परवा हबशी म्हणून तोंडाला काजळी फासलेला तो माणूस कुठल्या गावचा असेल रे? त्याच्या घरी कुणी वाट बघत बसलं असेल का, की आमचा कधी येणार म्हणून?

सेट विकून टाकावा असंही वाटलं. पण मी धंदेवाला माणूस. मी टीव्ही नाही लावला तर दुसरा लावेल. आता तर प्रत्येक वाडीला ॲन्टेना चढतोय आणि निम्मे मीच चढवतोय. तुझ्यासाठी जग थांबेल असं खोटं मी तुला लिहिणार नाही.

एवढंच वचन देतो. माझ्या दुकानात, माझ्या घरात, पुन्हा जेव्हा त्या डब्यातून काळं फासलेला माणूस ओरडत येईल, तेव्हा मी आवाज बंद करीन. गिऱ्हाईक रागावलं तर रागावू दे, उठून गेलं तर जाऊ दे. शशीला, आणि हसणाऱ्या प्रत्येकाला मी सांगीन, की आमच्या ओट्यावर असाच एक आला होता. त्याचं नाव बिरू होतं. तो जंगली भाषा बोलत नव्हता. तो मेंढरांना घरी बोलावत होता.

तुझा,
बाळू कर्णेवाला

ता. क. माझ्या कानांबद्दल वर लिहिलंय ते तसंच राहू देतो. पण लक्ष्मीनं विचारलं त्याचं उत्तर असं आहे, की त्या संध्याकाळी मेंढरं उठेपर्यंत मीही तुला ओळखलं नव्हतं. मी हसत होतो.